अक्षकूट : भीमाचा आरोप आणि शकुनीचे फासे

पांडव द्वैतवनात असतानाचा प्रसंग. क्षमा मोठी की तेज, यावर द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा लांबलचक वाद होऊन गेलेला असतो. मग भीम बोलायला उठतो आणि थोरल्या भावाला तोंडावर सुनावतो :

नैव धर्मेण तद्राज्यं नार्जवेन न चौजसा ।
अक्षकूटमधिष्ठाय हृतं दुर्योधनेन नः ॥

दुर्योधनाने आपलं राज्य नेलं ते धर्माने नाही, सरळपणाने नाही, बळानेही नाही. अक्षकूटाच्या जोरावर नेलं.

‘अक्षकूट’ वाचताना आपण मनात चटकन ‘कपटाचे फासे’ असा अर्थ लावून मोकळे होतो. चित्रही तयारच असतं. शकुनीमामा हस्तिदंती फासे तळहातावर चोळतो, कानाशी नेतो, पुटपुटतो, फेकतो आणि हवं तेच दान पडतं. फासे म्हणे त्याच्या बापाच्या हाडांचे. कुणी सांगतं, आत शिसं भरलेलं होतं. दूरदर्शनवरच्या मालिकेने हे चित्र घरोघरी पक्कं केलं, पण लोककथांत ते त्याआधीपासून होतंच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या स्वीकृत संहितेत हाडांच्या फाशांची ही कथा नाही. म्हणून ती बाजूला ठेवून सरळ प्रश्न विचारू : भीमाच्या आरोपात खोटा फासा आहे का? महाभारतातच याचे साक्षीदार आहेत. त्यांचं बोलणं सावकाश ऐकलं, तर या प्रकरणाचा निकाल आपल्या सवयीच्या समजुतीपेक्षा फार वेगळा लागतो.

आधी शब्द पाहू. अक्ष म्हणजे फासा, कूट म्हणजे कपट किंवा खोटं. संस्कृतात खोट्या फाशाला स्वतंत्र, रोखठोक शब्द आहे : कूटाक्ष. धर्मशास्त्रात तो गुन्ह्याचं नाव म्हणूनच येतो. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय सांगतो, ‘राज्ञा सचिह्नं निर्वास्याः कूटाक्षोपधिदेविनः’, म्हणजे खोट्या फाशांनी किंवा फसवणुकीने खेळणाऱ्यांना डाग देऊन राजाने हद्दपार करावं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. तो दोन गोष्टी वेगळ्या करतो : एक, खोटे फासे वगैरे साधनं, दुसरी, मणी, मंत्र, औषध अशा उपायांनी समोरच्याची बुद्धी फिरवणं. डाग कसला, तर कुत्र्याच्या पावलाचा. नारदस्मृती आणखी पुढे जाते. कूटाक्षांनी खेळणाऱ्याच्या गळ्यात फाशांची माळ घालून त्याला राज्याबाहेर घालवावं, म्हणते.

कौटिल्याला माळेत रस नाही, हिशोबात आहे. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, फासे आणि कवड्या त्यानेच पुरवायच्या. दिलेल्या फाशांच्या जागी दुसरे आणले तर १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड. कूटकर्म म्हणजे लबाडी केली तर पहिल्या प्रतीचा साहसदंड (गंभीर गुन्ह्यांसाठीच्या दंडांतला सर्वांत खालचा), शिवाय जिंकलेलं सगळं परत घ्यायचं. जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ सरकारजमा.

म्हणजे खोटा फासा ही वस्तू लोकांना माहीत होती, तिला नाव होतं आणि तिच्यासाठी शिक्षाही होती. मग भीम ‘कूटाक्ष’ न म्हणता ‘अक्षकूट’ का म्हणतो? समासात पदांची जागा बदलली की अर्थाचा भार बदलतो. कूटतुला म्हणजे खोटी तागडी, कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटशासन म्हणजे बनावट राजाज्ञा. ‘कूट’ आधी आलं की ती वस्तूच खोटी ठरते. अक्षकूटात ‘कूट’ शेवटी आहे, तेव्हा ते अक्षांच्या खेळातलं कपट. श्लोकाच्या वृत्तासाठी पदं फिरवली असं कुणी म्हणेल, आणि संस्कृत कवी तसं करतातही. म्हणून एवढ्यावर निकाल देता येणार नाही. पण भीमाच्या पुढच्याच अध्यायात खुद्द युधिष्ठिर उत्तर देतो, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर खेळ झाला त्याची ही साक्ष आहे.

तो म्हणतो, ‘महामायः शकुनिः पार्वतीयः सदा सभायां प्रवपन्नक्षपूगान्’. डोंगरी मुलखाचा तो मायावी शकुनी सभेत अक्षांच्या राशी पसरत होता. मायेची सवय नसलेल्या माझ्याशी तो मायेने खेळला. आणि मग :

अक्षान् हि दृष्ट्वा शकुनेर्यथावत्कामानुलोमानयुजो युजश्च ।
शक्यं नियन्तुमभविष्यदात्मा मन्युस्तु हन्ति पुरुषस्य धैर्यम् ॥

शकुनीचे अक्ष त्याच्या इच्छेप्रमाणे एकी आणि बेकी होत आहेत हे पाहिल्यावर मला स्वतःला आवरता आलं असतं. पण राग माणसाचं धैर्य मारून टाकतो.

इथे माझं वाचन थबकतं. अक्षपूग म्हणजे अक्षांचे ढीग, आणि अयुज-युज म्हणजे एकी-बेकी. दोन किंवा तीन फाशांचा ढीग होत नाही. टिंबांचा फासा टाकला तर किती पडले ते सांगतात, आकडा सांगतात. इथे प्रश्न विषम की सम एवढाच आहे. चिंचोके मुठीत धरून ‘एकी का बेकी’ खेळणाऱ्या पोरांना ही साक्ष पंडितांपेक्षा लवकर कळेल. मूठभर वस्तू टाकायच्या आणि मोजायच्या, असा हा खेळ दिसतो.

त्या वस्तू कोणत्या हे ऋग्वेद सांगतो. दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात जुगारी आपली कहाणी सांगतो, आणि त्यात फाशाचं नाव ‘विभीदक’ आहे. विभीदक म्हणजे आपला बेहडा, त्रिफळ्यातला. सह्याद्रीच्या रानात बेहड्याचे उंच वृक्ष आहेत आणि आयुर्वेदात बेहड्याचं एक नाव आजही ‘अक्ष’च आहे. भावप्रकाशात त्याला कलिद्रुम आणि कलियुगालय अशीही नावं दिलेली आहेत. सूक्तात हे अक्ष ‘बभ्रु’ म्हणजे पिंगट आहेत, वाऱ्याच्या जागी वाढलेल्या झाडाचे आहेत, आणि त्यांचा जथा ‘त्रिपञ्चाश’ आहे. या शब्दाचा अर्थ कुणी ५३ घेतात, कुणी १५०. जर्मन अभ्यासक हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतातल्या द्यूतावर जो ग्रंथ लिहिला, त्यापासून या खेळाची मांडणी बरीच स्पष्ट झाली. राशीतले अक्ष चाराचाराने मोजायचे. बाकी काही उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कलि. युगांची नावं आपण ज्या क्रमाने म्हणतो, तो याच उतरत्या दानांचा क्रम आहे.

काष्ठौषधींच्या दुकानातून मूठभर सुके बेहडे आणून पाटावर टाकून पाहा. करड्या-तपकिरी, बोराएवढ्या बिया. अंगावर पुसट कंगोरे, पण फाशासारखी सपाट बाजू एकही नाही. उताणं काय आणि पालथं काय, त्याला काही अर्थच नाही. अशा बीत शिसं भरून उपयोग काय? ती कुठल्या अंगावर पडली हे कुणी पाहतच नाही. आता ५३ बेहडे मोजा. तेरा चोक ५२, आणि एक उरला : कलि, म्हणजे हार. तो एक बेहडा दोन बोटांच्या बेचक्यात दाबून धरा आणि पुन्हा मोजा. ५२, कृत, म्हणजे सगळ्यात मोठी जीत. एका बीच्या फरकाने हार सरळ जीत होते. ऋग्वेदातला जुगारी नेमकं हेच रडतो : ‘अक्षस्याहमेकपरस्य हेतोरनुव्रतामप जायामरोधम्’. एक अक्ष जास्त झाला, त्यापायी मी माझ्या एकनिष्ठ बायकोला दूर लोटलं. या ‘एकपर’ शब्दात त्या खेळाचा सगळा जीव आहे.

आणि लबाडीही तिथेच आहे. धम्मपद या बौद्ध ग्रंथात म्हटलंय की माणूस दुसऱ्याचे दोष भुशासारखे उधळतो, पण स्वतःचे मात्र लबाड जुगारी कलि लपवतो तसे लपवतो : ‘कलिंव कितवा सठो’. कलि लपवणं म्हणजे तो उरलेला एक दाबून टाकणं, असं वाचलं की उपमा लख्ख उमगते. लित्तजातक या बौद्ध कथेत तर हरायची पाळी आली की एक जुगारी अक्ष तोंडात टाकतो आणि हरवला म्हणून खेळ मोडतो. त्याची खोड मोडायला दुसरा अक्षांना विष लावून ठेवतो. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात वरुणाची क्षमा मागताना भक्त म्हणतो, जुगारी खेळात फसवतात तसं काही आम्ही केलं असेल, जाणता किंवा अजाणता, तर ते सैल करून टाक. सपाट बाजू नसलेल्या बियांच्या खेळातही फसवणूक होती, भरपूर होती, आणि ती हाताची, डोळ्याची आणि मोजणीची होती.

आता सभापर्वात शिरू. खेळ सुरू होताना शकुनी म्हणतो, ‘अक्षानुप्त्वा’, अक्ष पसरून खेळाला आरंभ होऊ दे. ‘उप्त्वा’ हे ‘वप्’ धातूचं रूप, ज्याचा पहिला अर्थ पेरणं. वनपर्वातल्या साक्षीत ‘प्रवपन्’ आहे, ऋग्वेदात ‘न्युप्ताः’ आहे, सगळीकडे हाच धातू. मूठ उघडून बी टाकावं तसे अक्ष टाकले जातात. त्याला उत्तर देताना युधिष्ठिर स्पष्ट म्हणतो की जुगार ही निकृती म्हणजे कपट आहे, पाप आहे, यात क्षत्रियाचा पराक्रम कुठला! त्यावर शकुनी आपल्या कलेची तरफदारी करतो आणि ती करताना पहिलाच गुण सांगतो : ‘योऽन्वेति संख्याम्’, जो संख्येचा माग ठेवतो. निकृतीचे प्रकार जाणणारा, फेकण्याच्या हालचालींनी न थकणारा, असं पुढे येतं. पण संख्या पहिली.

दुर्योधनाला भरवताना तर तो आणखी उघड बोलला होता. पणाला लावलेलं धन हे माझं धनुष्य समज, अक्ष माझे बाण, अंथरलेला पट माझा रथ, आणि धनुष्याची दोरी कोणती? ‘अक्षाणां हृदयम्’. हा शब्द लक्षात ठेवायला हवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

प्रत्यक्ष खेळाचं वर्णन मात्र विलक्षण कोरडं आहे. युधिष्ठिर पण लावतो, त्याची संपत्ती कवी तपशिलाने वर्णतो, दासी, हत्ती, घोडे, रथ. आणि मग एकच श्लोक पुन्हा पुन्हा येतो : ‘एतच्छ्रुत्वा व्यवसितो निकृतिं समुपाश्रितः । जितमित्येव शकुनिर्युधिष्ठिरमभाषत’. हे ऐकून, निकृतीचा आश्रय घेऊन शकुनी युधिष्ठिराला म्हणाला, जिंकलं. किती दान पडलं, कोणतं पडलं, कुणी मोजलं, काही नाही. फासा दिसतच नाही, नुसता निकाल ऐकू येतो. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर एकदाही जिंकत नाही. कवीने कपट झालं हे पुन्हा पुन्हा सांगितलं आणि कसं झालं ते एकदाही दाखवलं नाही. मला हा या पर्वातला सर्वांत थोर काव्यनिर्णय वाटतो. सभेत बसलेल्या भीष्म-द्रोणांना जेवढं दिसलं, तेवढंच आपल्याला दिसतं. विदुर तेवढा धृतराष्ट्राला सांगतो की सौबलाचं, म्हणजे सुबलपुत्र शकुनीचं, खेळणं आम्हाला ठाऊक आहे, त्या पार्वतीयाला द्यूतातली निकृती अवगत आहे. निकृती अवगत असणं ही माणसाबद्दलची तक्रार झाली. त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल विदुर अक्षरही काढत नाही.

गीतेत ‘द्यूतं छलयतामस्मि’ असं भगवंत म्हणतात. त्यावर ज्ञानेश्वरांनी जे लिहिलं ते या सभेला अगदी लागू पडतं. छळाच्या साऱ्या कसबांत जुगार तो मी, म्हणून ती ‘चोहटां चोरी’, भर चव्हाट्यावरची चोरी, आणि तरी कुणाला ती थांबवता येत नाही. फाशात दडवलेलं शिसं ही लपवलेली चोरी असते. ज्ञानेश्वर ज्या चोरीबद्दल बोलतात, ती सगळ्यांच्या देखत होते.

माझ्या मते प्रकरणाचा कस लागतो तो नलोपाख्यानात. वनवासात युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्यासारखा दुर्दैवी राजा कुणी पाहिलाय का, आणि ऋषी नळाची कथा सांगतात. नळही जुगारात सगळं हरलेला, अंगात कली शिरलेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून सांगतो : दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवून झाड तोडतो, मोजतो, आणि मोजणी जुळते. या विद्येचं नाव अक्षहृदय. शकुनीच्या धनुष्याची दोरी हीच. पाहताक्षणी राशीची संख्या कळणं, म्हणजे किती उचलले तर बाकी काय उरेल ते हात घालण्याआधीच कळणं. नळ ती विद्या शिकतो, कली त्याच्या अंगातून बाहेर पडून बेहड्यातच शिरतो, आणि नळ राज्य परत जिंकतो.

कथा संपवून बृहदश्व काय करतात? युधिष्ठिराला अक्षहृदय देतात. पुन्हा कुणी द्यूताला बोलावील ही तुझी भीती मी घालवतो, म्हणतात. रोग फाशात असता तर औषध फासे तपासण्याचं असतं, नवे फासे वापरण्याचं असतं. ऋषींनी मोजण्याची विद्या दिली. हस्तिनापुरात काय कमी पडलं होतं, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. विराटपर्वात अज्ञातवासासाठी युधिष्ठिर कंक या नावाने विराट राजाकडे जाताना वैडूर्याचे, सोन्याचे, हस्तिदंती, काळे आणि तांबडे अक्ष खेळवीन असं म्हणतो. हे बेहडे नव्हेत, घडवलेले अक्ष आहेत. पुढे उत्तराच्या विजयावरून वाद होतो तेव्हा विराट चिडून हातातला अक्ष कंकाच्या तोंडावर मारतो आणि नाकातून रक्त येतं. तेवढा जड तो होता. त्याच पर्वात अश्वत्थामा कर्णाला टोमणा मारतो की गांडीव काही अक्ष टाकत नाही, कृत नाही की द्वापर नाही, ते जळते बाण टाकतं. म्हणजे अक्ष घडवलेले झाले तरी दानांची नावं बेहड्यांच्या खेळातलीच राहिली. टिंबांचे घनाकार फासे तर मोहेंजोदडो-हडप्पाच्या उत्खननातही सापडले आहेत. दोन्ही प्रकार या भूमीत जुने आहेत. महाभारत अनेक पिढ्यांनी वाढवलं, त्यामुळे एकाच ग्रंथात दोन खेळांच्या आठवणी मिसळलेल्या दिसतात. पण आपलं प्रकरण हस्तिनापूरच्या सभेपुरतं आहे, आणि तिथले शब्द पेरणी, रास, संख्या, एकी-बेकी असे एकाच दिशेने बोट दाखवतात.

म्हणून भीमाचा ‘अक्षकूट’ मराठीत आणताना ‘अक्षांच्या डावातलं कपट’ असंच म्हणावं, आणि ‘खोटे फासे’ हा शब्द याज्ञवल्क्य-नारदांच्या ‘कूटाक्षा’साठी राखून ठेवावा. मला हा फरक जिवाला लागतो, कारण हाडांच्या फाशांची कथा ऐकताना युधिष्ठिराचं एक वाक्य पार पुसलं जातं. भीमाला उत्तर देताना त्याने सुरुवातीलाच म्हटलं आहे : ‘अहं ह्यक्षानन्वपद्यं जिहीर्षन् राज्यं सराष्ट्रं धृतराष्ट्रस्य पुत्रात्’. मी अक्षांच्या मागे लागलो ते धृतराष्ट्राच्या पोराकडून त्याचं राज्य काढून घ्यावं या इच्छेने. ‘जिहीर्षन्’, हरण करू इच्छिणारा. भीम म्हणाला होता ‘हृतम्’, त्याने नेलं. थोरला भाऊ तोच धातू स्वतःला लावून घेतो. इतकी नागवी कबुली महाकाव्यांत क्वचित सापडते. फासेच जादूचे होते म्हटलं की तिची गरजच उरत नाही. मग अनुद्यूताला, म्हणजे दुसऱ्या वेळच्या द्यूताला, तो पुन्हा गेला, नाश होणार हे जाणूनही थोरल्यांची आज्ञा मोडवत नाही असं म्हणत गेला, यालाही काही अर्थ राहत नाही.

आणि सभेत फासे तपासा असं कुणीच म्हणालं नाही. द्रौपदीचा प्रश्न होता, आधी स्वतःला हरलात की मला? विकर्ण उठला तेव्हा त्याचे मुद्दे होते : राजाचं व्यसन, आधीच स्वतःला हरलेल्याने लावलेला पण, द्रौपदी पाचांची असणं, आणि तिचं नाव शकुनीने सुचवणं. फासे खोटे असल्याचा उल्लेख कुठेच नाही. कपटाबद्दल सगळ्यात नेमकं बोलली ती द्रौपदीच. तिच्या बोलण्यात कुशल आणि कपटी लोकांनी बोलावून घेतलेला राजा आहे, ज्याने या खेळाचा फारसा सराव केलेला नाही, ज्याला निकृतीची चाल उमगली नाही. त्याला कुणी जिंकलं तेही ती सांगते, आणि एकट्या शकुनीचं नाव घेत नाही. ‘संभूय सर्वैः’, सगळ्यांनी मिळून.